सेंदाईच्या वस्तादबाई

29 एप्रिल 2025. सकाळी ईशान्य जपानमधल्या सेंदाईहून हायाबुसा शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन पकडली. टोकियो जेमतेम दीड तास. आदला दिवस मी जोझेंजी-दोरी या रस्त्यावरच्या झेलकोव्हा झाडांच्या कोवळ्या पालवीखाली भटकण्यात घालवला होता. झुंदा मोचीही खाल्ली. कोवळ्या सोयाबीनचं हिरवंगार गोड वाटण, खाताना सारखी पुरणाची आठवण येत होती.

जपानच्या प्रो-रेसलिंगमधल्या पैलवान मेइको सातोमुरा यांची निवृत्तीची कुस्ती होती टोकियोत, तरी मी आधी सेंदाईला गेले. त्या ज्या गावाला धरून राहिल्या, ते मला आधी बघायचं होतं.

त्या मूळच्या नीगाताच्या. शाळेत ज्युदो खेळायच्या. एप्रिल 1995 मध्ये, पंधराव्या वर्षी, चिगुसा नागायोंच्या ‘गाइया जपान’ या कुस्ती कंपनीतून रिंगमध्ये उतरल्या. नागायो म्हणजे ऐंशीच्या दशकात शाळकरी मुलींनी अक्षरशः डोक्यावर घेतलेल्या पैलवान, आणि शिकवायला तितक्याच कडक. 2005 मध्ये गाइया बंद पडली. जपानी कुस्तीचा बहुतेक धंदा टोकियोभोवती फिरतो. सातोमुरांनी मात्र पैलवान जिनसेई शिंझाकींच्या जोडीने सेंदाईत मुलींची नवी कंपनी उभी केली. पहिला खेळ जुलै 2006 मध्ये झाला. मग मार्च 2011 चा भूकंप आणि त्सुनामी. सेंदाईच्या आसपासचा सगळा तोहोकु किनारा उद्ध्वस्त झाला. कंपनी तेव्हाच गुंडाळली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं. त्याच वर्षी सातोमुरांनी कारभार स्वतःच्या हातात घेतला. मालकही त्याच, पैलवानही त्याच, वस्तादही त्याच.

माझं माहेर कोल्हापूरचं. घराजवळच्या तालमीत मुलींना उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू देत नसत. खिडकीतून दिसेल तेवढं बघायचं, बस. म्हणून ‘वस्तादबाई’ हा शब्द लिहिताना मला आजही भरून येतं.

सुइदोबाशी स्टेशनवरून कोराकुएन हॉल चालत पाच मिनिटांवर. 1962 साली सुरू झालेला, पाचव्या मजल्यावरचा हा हॉल लहानसा आहे, दोनेक हजार माणसांचा. लिफ्टला रांग होती म्हणून जिना धरला. जिन्याच्या भिंती चाहत्यांनी लिहून लिहून भरून टाकल्यात, बोटभर जागा शिल्लक नाही. वर मागच्या रांगेतूनसुद्धा पैलवानाच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो. आपल्याकडचा आखाडा असाच अंगाजवळ असतो.

शेजारच्या आजींनी मला कागदी फितींची गुंडाळी दिली आणि मधला पुठ्ठा काढायला खुणेनं शिकवलं, म्हणजे फेकल्यावर कुणाला लागत नाही. नाव पुकारलं की चारही बाजूंनी फिती उडतात. क्षणभर रिंग दिसेनाशी होते. मग कडेला उभ्या असलेल्या शिकाऊ मुली धावत येतात आणि वैरणीचा भारा कवळावा तशा त्या फिती कवेत घेऊन बाजूला करतात. सगळं घंटा वाजायच्या आत.

शेवटच्या कुस्तीत सातोमुरांच्या जोडीला 54 वर्षांच्या आजा काँग होत्या. ज्यांच्याशी उभी हयात झुंजल्या, त्याच शेवटी बाजूला उभ्या. समोर त्यांच्याच शिष्या, चिहिरो हाशिमोतो आणि मानामी. हाशिमोतोंनी 2016 मध्ये वस्तादबाईंनाच हरवून किताब घेतला होता. इथे निकाल आधी ठरलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कुणी याला खोटं म्हटलं तर मी भांडेन. लाथ छातीवर बसते तो आवाज ठरवून येत नाही. 2021 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, परदेशात जाऊन एनएक्सटी यूकेचा (अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या ब्रिटिश शाखेचा) किताब जिंकणाऱ्या बाईंच्या लाथेत पंचेचाळिसाव्या वर्षीही कसर नव्हती.

सातोमुरा आणि आजा काँग जिंकल्या. आजींनी रुमाल काढला, आणि मी माझा. मला जपानी मोडकंतोडकंच येतं, तरी “आरिगातो” म्हणून ओरडले, घसा बसेपर्यंत.

खाली उतरल्यावर आजींनी विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, सेंदाईहून. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्याही सेंदाईच्याच होत्या. परतीची गाडी आम्ही बरोबरच पकडली.