मामाच्या २१४ फाइली आणि ती काळी खिडकी

मामाचा फोन आला की मी आधी आवाज बारीक करतो मग उचलतो, कारण मामा फोनवर पण दुकानात गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा ओरडतोय. "काय करूलालास बे? मोकळा हाईस काय?" म्हणजे काम आहे. काम असं होतं की आमच्या गावात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, दरवर्षी एक छोटं साहित्य संमेलन होतंय (इकडं कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावोगावी होतात तसंच, फक्त आमचं लहान, मांडव शाळेच्या पटांगणात आणि जेवण देवळात) आणि कमिटीला आता जुन्या स्मरणिकांतलं निवडक साहित्य एकत्र काढायचंय. छापील प्रती कुणाकडं धड नाहीत, वाळवीनं खाल्ल्या. पण १९९८ ते २०१० पर्यंतच्या सगळ्या स्मरणिका मामानं केल्यात, खडेबाजारच्या बोळात त्याचं डीटीपीचं दुकान होतं तेव्हा. आणि मामा काय टाकून देत नाही.

पिशवीतनं २३ सीड्या आल्या, त्यातल्या ४ मेलेल्या. उरलेल्यातनं वर्डच्या २१४ फाइली निघाल्या, बाकी पेजमेकरच्या (छपाईची पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम), त्या मी बाजूला ठेवल्या, आणि थोड्या पीडीएफ. नावं बघा फाइलींची: फायनल, फायनल २, फायनल फायनल, फायनल अध्यक्ष बदलून. नावात मोकळ्या जागा, त्यामुळं टर्मिनलमधे (कमांड टाइप करून काम करतात तिथं) सगळ्या फाइलींवर एकच काम फिरवायला लूप लावला की एका फाइलीच्या तीन फाइली समजतोय तो, म्हणून व्हेरिएबल अवतरणात टाकायचं, हे मला दहा वर्षं माहिती आहे आणि तरी पहिल्यांदा मी विसरलोच.

आता कुणी म्हणेल वर्डमधे उघड की एकेक. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे (विंडोज नव्हे, म्हणून वर्ड नाही) ही एक गोष्ट, आणि २१४ वेळा डबल क्लिक करायला मी काय मामाच्या दुकानातला पोऱ्या नव्हे ही दुसरी. काळ्या खिडकीत (मामा टर्मिनलला काळी खिडकी म्हणतो, आता मीपण म्हणतो) एका ओळीत काम होतंय. पहिली कमांड नेहमी फाइल. नावच फाइल आहे कमांडचं. ती एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवत नाही, आतले पहिले बाइट बघून सांगते की ही खरी कसली फाइल आहे. आणि जुन्या वर्डच्या फाइलीला तर ती बरंच बोलते, कुणी बनवली, शेवटी कधी सेव्ह केली, किती पानं, एकूण किती वेळ एडिटिंग चाललं. २००३ च्या फाइलीवर शेवटचं सेव्ह पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी, संमेलनाच्या दिवशीच. मामाला सांगितलं तर म्हणाला, "त्या रात्री करंट गेलता दोनदा, आणि तुझी मामी दारात उभी हुती."

मग अँटीवर्ड. छोटा जुना प्रोग्रॅम, वर्ड ९७ पासून २००३ पर्यंतच्या डॉक फाइली वाचतो आणि नुसता मजकूर बाहेर काढतो. त्याच्या पुढं पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ) लावून लेस, म्हणजे एकेक पान खाली सरकवत वाचायचं. अँटीवर्ड, फाइलचं नाव, पाइप, लेस, एंटर. आणि समोर आली ती भाषा मी जन्मात बघितली नव्हती. इंग्रजी अक्षरं, मधे डॉलर, मधे पाउंडाची खूण, डोक्यावर टिंबं असलेले युरोपियन ए आणि ओ.

मी पहिली दोन तास चुकीच्या दिशेनं गेलो ते सांगतो, म्हणजे तुम्ही जाणार नाही. मला वाटलं एन्कोडिंगचा, म्हणजे कुठला नंबर म्हणजे कुठलं अक्षर ह्या यादीचा घोळ आहे. तर आयकॉन्व नावाचं टूल असतंय, एका एन्कोडिंगमधनं दुसऱ्यात नेणारं, त्याला मी लॅटिन-१ सांगून बघितलं, विंडोज १२५२ सांगितलं, यूटीएफ-१६ सांगितलं, सगळं करून कचऱ्याचा वेगळा कचरा. आयकॉन्वची काय चूक नाही त्यात. त्याला वाटतंय की आत अक्षरं आहेत. आत अक्षरं नव्हतीच, आत होती चित्रांची नंबरं.

त्या काळच्या श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव ह्या फाँटांनी काय केलतं, की इंग्रजी ए बी सी च्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. कृतिदेवचं उदाहरण सोपं आहे म्हणून ते घेतो (इकडं कृतिदेव कमी, श्रीलिपीच जास्त, पण मामाकडं दोन्ही निघाले). कृतिदेवमधे 'भारत' म्हणजे फाइलीत पाच अक्षरं: कॅपिटल एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ. पहिला के म्हणजे त्या भची उभी काठी. दुसरा के म्हणजे काना. काठी आणि काना एकच, दिसायला सारखे म्हणून. जे म्हणजे र, आर म्हणजे त. टाइपरायटरवाल्याच्या डोक्यानं केलेलं काम आहे ते, आणि कागदावर छापायचं असेल तर एकदम झकास चालतंय. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमधे (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले नंबर) होती म्हणा, पण पेजमेकरला ते कळत नव्हतं आणि प्रेसला पेजमेकर पाहिजे, मग मामा काय करणार.

बरं, मॅपिंग करून बदलता येतंय. एचके आला की भ, जे आला की र, सेडनं (शोधून बदलणारी कमांड) एक लांबलचक यादी लावायची. नेटवर तयार याद्या पण आहेत. मी लावली यादी आणि मराठी दिसायला लागलं, खूश झालो, आणि मग बघतो तर सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या एक घर मागं. ह्या फाँटांत पहिली वेलांटी आधी टाइप होते मग अक्षर, कारण दिसते आधी. युनिकोडमधे अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफार उलटा, दिसतो शेवटी म्हणून फाँटात शेवटी, आणि युनिकोडमधे र आणि हलंत आधी. 'निर्मिती' हा एक शब्द घेऊन बसा, त्यात सगळे आजार एकत्र आहेत. आणि वेलांटी नुसती एक अक्षर उडी मारून चालत नाही, 'स्थिती'मधे अख्खं जोडाक्षर ओलांडून जायला पाहिजे. हे एकदा जमलं की तपासायला एक सोपी युक्ती: ग्रेपला (मजकुरात शोधणारी कमांड) सांगायचं की जागा सोडून लगेच वेलांटी आलेली ओळ दाखव. खऱ्या मराठीत कुठलाच शब्द मात्रेनं सुरू होत नाही, म्हणजे जेवढ्या ओळी सापडतील तेवढ्या चुकलेल्या. माझ्या पहिल्या फेरीत ग्रेप थांबतच नव्हतं.

तरी हे सगळं किरकोळ. खरी गंमत पुढं.

स्मरणिका म्हणजे काय असतंय? साहित्य थोडं आणि जाहिराती जास्त. निपाणीचे तंबाखूवाले, शहापूरचे साडीवाले, सराफ, पतसंस्था. त्यातल्या निम्म्या जाहिराती इंग्रजीत. माझ्या सेडनं त्या इंग्रजीवर पण मॅपिंग फिरवलं, कारण त्याच्या दृष्टीनं जे म्हणजे र, बस्स. एका दुकानाचा इंग्रजी पत्ता असा काय झाला की मी मामीला वाचून दाखवला आणि तिला वाटलं मंत्र आहे. आणि आपण पडलो सीमाभागातले, त्यामुळं दर स्मरणिकेत एक पान कन्नडमधे शुभेच्छांचं, ते नुडी ह्या कन्नड फाँटात. नुडीचा पण तोच प्रकार, आत रोमन अक्षरं, वर कन्नडचं चित्र. म्हणजे एकाच फाइलीत तीन भाषा आणि तिन्ही आतनं एकाच २५६ खुणांत बसवलेल्या. एकच अक्षर, ते इंग्रजीत जे, मराठीत र, कन्नडमधे तिसरंच काहीतरी. मग कुठलं काय हे कोण सांगणार? फक्त फाँटचं नाव. आणि अँटीवर्डनं सगळ्यात आधी काय फेकलं असेल तर फाँट.

इथं मी जरा गप्प बसलो, खरंच. कारण मी पंधरा वर्षं लोकांना सांगत आलोय की साधा मजकूर हेच खरं, बाकी सगळी सजावट, साध्या टेक्स्टमधे ठेवा म्हणजे शंभर वर्षांनी पण उघडेल. आणि इथं सजावट काढली की मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही एका रांगेत उभ्या, कोण कुणाचं ओळखू येईना. ह्या फाइलींची भाषा फाँटातच होती.

मग उलट्या वाटेनं गेलो. लिबरऑफिसला (वर्डसारखाच फुकटचा प्रोग्रॅम) खिडकी न उघडता कामाला लावता येतंय, हेडलेस म्हणतात, त्याला सगळ्या डॉक फाइली दिल्या आणि डॉक्स करून घेतल्या. (एक सांगून ठेवतो, त्या वेळी लिबरऑफिसची दुसरी खिडकी उघडी असली तर माझ्याकडं तो काहीच न बोलता काहीच करत नव्हता. एरर नाही, फाइल नाही. चहा पिऊन आलो तरी फोल्डर रिकामं.) डॉक्स का, तर डॉक्स म्हणजे एक झिप आहे. खरंच, अनझिप केली की निघते. आत वर्ड नावाचं फोल्डर आणि त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल, त्यात प्रत्येक तुकड्याला फाँटचं नाव चिकटलेलं. अनझिपला पी लावून ती फाइल थेट पाइपमधे सोडायची, ग्रेपनं नुसती फाँटांची नावं वेचायची, सॉर्ट, मग युनिकला सी लावून मोजणी. दोन सेकंदात कळलं की कुठल्या फाइलीत श्रीलिपी किती, नुडी किती, टाइम्स किती. ही एक ओळ मला पहिल्या दिवशी सुचली असती तर.

त्यावर मग पायथनची छोटी स्क्रिप्ट, तुकड्यागणिक फाँट बघायचा, श्रीलिपी असेल तर मराठीचं टेबल, नुडी असेल तर कन्नडचं, टाइम्स असेल तर हात लावायचा नाही. पहिल्या चाळीसेक फाइलींत काहीच बदलेना म्हणून अजून एक संध्याकाळ गेली, तर तिथं मामानं फाँट तुकड्याला न देता स्टाइलला (एकदा ठरवून सगळीकडं लावायचा साचा) दिलेला. मामा स्टाइल वापरत होता! १९९९ साली! मी ऑफिसात लोकांना अजून शिकवूलालोय ते.

शेवटी पॅनडॉक, एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात करून देणारा प्रोग्रॅम. पॅनडॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलेला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे मला फार आवडतं. पॅनडॉक जुनी डॉक वाचत नाही पण डॉक्स झकास वाचतो, आणि तिथनं साधा मजकूर, मार्कडाउन, ईपब काय पाहिजे ते. पीडीएफ मात्र मी पॅनडॉकनं नाही केलं, त्यात लाटेक्सला (पीडीएफची पानं जुळवणारा प्रोग्रॅम) देवनागरी फाँट समजावत बसायला लागतंय, त्यापेक्षा ओडीटी (लिबरऑफिसची स्वतःची फाइल) करून लिबरऑफिसला दिली. तीन वर्षांची फक्त पीडीएफच होती, त्यांना पीडीएफटूटेक्स्ट लावून तोच जुना कचरा आला, म्हणून पानांची ३०० डीपीआयवर चित्रं काढली आणि चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला मराठी अधिक कन्नड अशा दोन्ही भाषा सांगून वाचून घेतली. काय वाईट नाही वाचत, फक्त ळ आणि ठ मधे जरा गोंधळतो.

आता सगळं लेसमधे उघडलं तर काही जणांना कंसातले आकडे दिसतील, क च्या जागी ई०, ए४, ९५ असं. घाबरू नका, यूटीएफ-८ मधे आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) नीट नसलं की लेस ते उघडेनागडे बाइट दाखवतंय. आणि जोडाक्षरं तुटकी दिसली तर ती टर्मिनलची खोड, बऱ्याच टर्मिनलना आपली अक्षरं जोडता येत नाहीत, फाइल चांगली असते.

एक शेवटचा खड्डा. 'शेतकऱ्यांनी' शोधलं तर शून्य. सीमाभागातल्या तेरा वर्षांच्या स्मरणिका आणि त्यात शेतकऱ्यांनी शब्द नाही? ते अर्धचंद्रासारखं ऱ्य युनिकोडमधे दोन प्रकारे लिहिता येतंय, एक तर नुक्तावाला ऱ घेऊन, नाहीतर साधा र, हलंत आणि त्यापुढं न दिसणारा एक जोडणीचा कॅरेक्टर. डोळ्याला एकच, ग्रेपला दोन वेगळे शब्द. माझ्या टेबलात दुसरा प्रकार होता, कीबोर्डवरनं पहिला येत होता. सगळीकडं एकच करून टाकला तेव्हा कुठं शेतकरी सापडले, ६१ ठिकाणी.

फायनल आणि फायनल अध्यक्ष बदलून ह्या दोन फाइलींवर डिफ (फरक दाखवणारी कमांड) चालवलं तर फरक एकाच ओळीचा, स्वागत समितीत दोन नावांची अदलाबदल. त्यासाठी मामानं रात्री पुन्हा सगळं ट्रेसिंगवर (छपाईसाठीच्या अर्धपारदर्शक कागदावर) काढलं असणार.

रविवारी लॅपटॉप घेऊन मामाकडं गेलो. पाऊस धो धो, मामीनं भजी केली. म्हटलं मामा बघा, २००१ ची कथा बघा, किती छान आहे, तुम्हीच टाइप केलेली. मामानं चष्मा लावला, स्क्रीन खाली सरकवत सरकवत कथा ओलांडली आणि मागच्या पानावरच्या एका जाहिरातीवर बोट ठेवलं.

"ह्यानं पैसे दिल्यात नाहीत अजून."

"कवाचे मामा?"

"अरे कवाचे म्हंजे, तवाचे. ते तुझं ग्रेप का काय ते लाव की, बघू ह्याच्या किती जाहिराती हाईत."

लावलं. चार वर्षांत चार निघाल्या, एक तर रंगीत कव्हरची. मामानं मामीला हाक मारली आणि डायरी मागितली.