दीड किलोचा रोबो: एकदाती चकती आणि रुंद चाल

रोबोंच्या लढतींच्या गेल्या स्पर्धेनंतर आमच्या दीड किलो गटातील, उभी फिरणारी दातेरी चकती हे हत्यार असलेल्या रोबोवर जे काम झाले, ते संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड भागात रोबो बांधणाऱ्या मित्रांना उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो. या वजनगटात हत्याराची ताकद बहुतेकांकडे पुरेशी असते. ती प्रतिस्पर्ध्याच्या अंगात उतरत नाही, हीच खरी अडचण आहे, आणि या टप्प्यातील प्रत्येक बदल त्याच दृष्टीने केलेला आहे.

जुनी चकती दोन दातांची, ११० मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची आणि साधारण ३०० ग्रॅम वजनाची होती. ११०० केव्हीची, म्हणजे प्रत्येक व्होल्टमागे मिनिटाला ११०० फेरे घेणारी मोटर तीन सेलच्या ११.१ व्होल्ट बॅटरीवर भाराशिवाय मिनिटाला सुमारे १२,२०० फेरे घेते आणि पुलीच्या प्रमाणामुळे चकतीपर्यंत त्यांतील ९,००० पोहोचतात. या वेगाला दाताचे टोक सेकंदाला जवळपास ५२ मीटर, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते, आणि भरीव चकती धरून ढोबळ हिशेब केला तर तिच्यात २०० ज्यूल ऊर्जा साठते. एवढी ऊर्जा असूनही लढतीनंतर समोरच्या रोबोचे आर्मर, म्हणजे बाहेरचे कवच, हातात घेऊन पाहिले, तेव्हा त्यावर एकही खोल घाव नव्हता. कानशीने हलकेच घासावे तशा बारीक, समांतर खुणा मात्र एका ओळीत उमटलेल्या होत्या. दात पकड घेण्याआधीच पृष्ठभागावरून घसरत होता.

याचे कारण साध्या भागाकारात सापडते. ९,००० फेऱ्यांना चकती सेकंदात १५० वेळा फिरते. दात दोन असतील तर एक दात गेल्यावर दुसरा येईपर्यंत ३.३ मिलिसेकंदच मिळतात. दोन्ही रोबो मिळून सेकंदाला ३ मीटर वेगाने एकमेकांकडे येत असले, तर तेवढ्या वेळात प्रतिस्पर्धी जास्तीत जास्त १० मिमी आत शिरतो, आणि रेटारेटीत हा वेग निम्म्यावर आला की ५ मिमीच उरतात. एकच दात ठेवला तर हे आकडे दुप्पट होतात. म्हणून नवी चकती सर्पिलाकार घेतली: दाताच्या टोकाशी त्रिज्या ५५ मिमी, तेथून एका पूर्ण फेरीत ती हळूहळू ४३ मिमीपर्यंत उतरते आणि पुन्हा दातापाशी १२ मिमीची पायरी तयार होते. आकार बदलल्याने कडेचे वजन कमी झाले, म्हणून जाडी ५ मिमी केली, तरीही त्याच वेगाला साठणारी ऊर्जा १६० ज्यूलच्या आसपास आली. ही घट आम्ही जाणूनबुजून स्वीकारली आहे, कारण २०० ज्यूलमधला थोडासाच भाग खरवडण्यात खर्च होण्यापेक्षा १६० ज्यूलमधला मोठा भाग एका घावात जाणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

चकती ५०० ब्रिनेल कठीणपणाच्या झीजरोधक पोलादातून कापली. टिपरच्या हौद्याला आणि क्रशरच्या लाइनरला अशाच जातीचे पोलाद वापरतात, त्यामुळे त्याचे उरलेले तुकडे कारखानदारीच्या गावात थोड्या चौकशीने मिळू शकतात. कापण्यासाठी लेझर टाळून वाळूजच्या एका लहान वर्कशॉपमध्ये वायरकट (बारीक तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणे) करून घेतले, कारण लेझरच्या उष्णतेने कडेचा पट्टा मऊ पडतो आणि आपला दात नेमका कडेलाच असतो. वायरकटचे काम सावकाश होते आणि जॉबवर्कचा दर कापलेल्या क्षेत्रफळावर, चौरस मिलिमीटरमध्ये लागतो. शिवाय आतल्या प्रत्येक बंद छिद्रासाठी वायर ओवायला आधी एक बारीक भोक पाडून घ्यावे लागते, हे ड्रॉइंग देतानाच लक्षात घ्यावे. मशीनवरच्या मामांनी ड्रॉइंग पाहताच दाताच्या मुळावर बोट ठेवले आणि म्हणाले, “सर, इथं कोपरा कशाला ठेवायलात? तिथूनच तडकंल की.” त्यांच्या सांगण्यावरून मुळाशी ३ मिमी त्रिज्येची गोलाई दिली. आघाताचा ताण आतल्या धारदार कोपऱ्यात एकवटतो आणि इतक्या कठीण पोलादाला तो वाकून पचवता येत नाही, म्हणून एकदाती चकती करणाऱ्या प्रत्येकाने ही गोलाई द्यावी असा माझा आग्रह आहे.

सर्पिलाचा वजनमध्य त्याच्या भूमितीय केंद्राशी जुळत नाही. आमच्या चकतीत तो दातापासून पाव फेरी मागच्या दिशेला सुमारे ४ मिमी सरकलेला निघाला. दुसऱ्या बाजूला वजन चिकटवत बसण्यापेक्षा शाफ्टचे छिद्रच त्या बिंदूवर नेले. ही दिशा दाताशी काटकोनात असल्याने दाताची त्रिज्या जवळपास तीच राहते आणि पायरीही १२ मिमीच राहते. शाफ्टभोवती २२ मिमी त्रिज्येवर १२.५ मिमी व्यासाची सहा छिद्रे घेतल्याने २९ ग्रॅम, म्हणजे जवळपास १० टक्के वजन कमी झाले. साठणारी ऊर्जा ज्यावर ठरते ते फिरण्याचे जडत्व मात्र ४ टक्क्यांनीच घटले, कारण केंद्राजवळचे वजन ऊर्जेला फारसा हातभार लावत नाही. उरलेला किरकोळ असमतोल काढण्यासाठी शाफ्टसह चकती दोन समपातळीतील धारदार पट्ट्यांवर ठेवली आणि जी बाजू खाली येईल तिची पाठ ग्राइंडरने थोडी थोडी घासत गेलो; कोणत्याही स्थितीत सोडली तरी चकती जागेवर थांबू लागली, तेव्हा काम झाले.

वाचलेले २९ ग्रॅम बाजूच्या चौकटीला दिले, आणि हाच बदल मला या टप्प्यातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उभी चकती फिरत असताना रोबो झटकन वळला की जायरोस्कोपच्या परिणामाने (वेगाने फिरणारी चकती आपला अक्ष वळवू देत नाही) एका बाजूचे चाक उचलले जाते आणि तेवढा वेळ चालक हतबल होतो. चाकांमधले अंतर १६० मिमी असताना जुन्या चकतीचा हिशेब मांडला, तर अर्धे वळण (१८० अंश) साधारण १.१ सेकंदापेक्षा लवकर घेतल्यास चाक उचलते. अंतर १९० मिमी केले आणि चकतीचे जडत्वही कमी झाले, त्यामुळे तीच मर्यादा पाऊण सेकंदाच्या जवळ आली. बाजूला सरकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तोंड कायम ठेवणे यामुळे शक्य होते, आणि समोर तोंड नसेल तर उत्तम दातही निरुपयोगी आहे. अंगणातील सरावात हा फरक रिमोट हातात घेताच जाणवला.

चौकट टीपीयू या लवचीक प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापली आहे. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढे तापमान सहज होते, त्यामुळे स्पर्धेला नेण्याच्या कोणत्याही भागासाठी मी ते सुचवणार नाही. नायलॉन छापणाऱ्यांनी कोरड्या उन्हाळ्यातच छपाई उरकावी. पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढते आणि थरांची पकड कमजोर होते. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी प्रवासात प्रति सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून सावलीत न्यावी आणि चार्जिंग चालू असताना जवळून हलू नये.

चकतीची चाचणी फक्त बंद पेटीत घ्यावी. आमच्या पेटीला पॉलिकार्बोनेट आहे. ॲक्रिलिक दिसायला तसेच असले तरी आघाताने फुटून त्याचे तुकडे उडतात, म्हणून ते अजिबात वापरू नये. पेटी उघडण्यापूर्वी बाहेरून काढता येणारी बॅटरीची लिंक काढणे आणि चकतीला लॉक लावणे हे दोन्ही करावे. रिमोट बंद केला की चकती आणि चाके थांबतात, हे फेलसेफ आम्ही प्रत्येक बदलानंतर चाके जमिनीवरून उचलून पुन्हा तपासतो.

रोबोचे वजन सध्या १,४८८ ग्रॅम आहे. उरलेल्या १२ ग्रॅममध्ये पुढच्या बाजूच्या, बिजागरीवर हलणाऱ्या पट्ट्या जमिनीला अधिक घट्ट टेकतील असे काही बसवायचे आहे, आणि त्यानंतर याच चकतीवर ७,५०० फेऱ्यांचा वेग ठेवून जाड ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर घाव घेऊन पाहायचे आहेत. त्या वेगाला ऊर्जा ३० टक्क्यांनी कमी होईल, पण दाताला प्रत्येक फेरीत ६.७ ऐवजी ८ मिलिसेकंद मिळतील. कोणत्या वेगाचा घाव खोल जातो हे मोजून त्याप्रमाणे रिमोटची थ्रॉटल मर्यादा ठरवू.