बेंचवरची भरती आणि पहिल्या पाचांचे दुखणे

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दर फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते आणि तोवर ज्या संघांच्या हाती काहीच लागलेले नसते, ते मोकळ्या झालेल्या खेळाडूंकडे वळतात. एखादा अनुभवी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, जुन्या संघाशी पैशांची तडजोड करून करारातून बाहेर पडतो, १ मार्चपर्यंत मोकळा झाला असेल तर नव्या संघातर्फे प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, खेळायलाही पात्र राहतो, आणि दोन दिवसांत बातमी येते की अमुक संघाने रिबाउंडची, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू पटकावण्याची, उणीव भरून काढली. या बातम्या मी दरवर्षी आवडीने वाचतो. मे महिना उजाडतो तेव्हा ती उणीव होती तिथेच असते आणि तो सेंटर बहुधा ट्रॅकसूट घालून बेंचवरून टाळ्या वाजवत असतो. याचे कारण त्याच्या वयात किंवा कौशल्यात शोधण्याची आपल्याला सवय आहे. मला ते संघाच्या रचनेत अधिक सापडते.

आधी मिनिटांचा हिशेब पाहू. सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे प्रशिक्षकाला वाटायला एकूण २४० मिनिटे मिळतात. नियमित हंगामात पहिले पाच जण साधारण बत्तीस ते चौतीस मिनिटे खेळतात, म्हणजे १६० ते १७० मिनिटे त्यांच्यातच संपतात आणि उरलेली चार-पाच बदली खेळाडूंत विभागली जातात. प्लेऑफमध्ये पहिल्या पाचांचा वेळ चाळिशीकडे सरकतो, बदली खेळाडू तीनवर येतात आणि हंगामाच्या मध्यावर आलेल्या नवव्या माणसाला फार तर दहा मिनिटे मिळतात, तीही प्रत्येक सामन्यात मिळतीलच असे नाही. त्याने ती दहा मिनिटे अगदी निर्दोष खेळून काढली, तरी उरलेली ३८ मिनिटे संघ तोच आणि तसाच राहतो. शिवाय ही दहा मिनिटे बहुतेकदा दोन्हीकडचे मुख्य खेळाडू दम खात असताना येतात, म्हणजे ज्यांच्यामुळे आपली उणीव उघडी पडते ते तेव्हा समोर नसतातच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार असतो.

२०२१ चे ब्रुकलिन नेट्स या हिशेबाचे चांगले उदाहरण आहेत. केव्हिन ड्युरँट, जेम्स हार्डन आणि कायरी अर्व्हिंग हे तिघे एका संघात असल्यामुळे गुणांची चिंता नव्हती. चिंता होती ती उंचीची आणि बचावाची. मार्चमध्ये संघाने ब्लेक ग्रिफिन आणि लामार्कस ऑल्ड्रिज हे दोन माजी ऑल-स्टार खेळाडू अल्प मोबदल्यात मिळवले, तेव्हा हे म्हणजे फारच झाले, असा सूर सगळीकडे उमटला होता. ऑल्ड्रिजला हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे एप्रिलमध्येच खेळ थांबवावा लागला, हा निव्वळ दैवाचा भाग. ग्रिफिनने मात्र प्रामाणिकपणे अंग झोकून काम केले आणि प्लेऑफमध्ये मिलवॉकी बक्सच्या यानिस आंतेतोकुंपोशी तो मालिकाभर झुंजला. पण अर्व्हिंग घोटा दुखावून बाहेर गेला, हार्डन दुखऱ्या मांडीनिशी खेळत राहिला आणि पाचव्या सामन्यात ड्युरँटला ४८ पैकी ४८ मिनिटे मैदानात राहावे लागले. सातवा सामना जादा वेळेत गेला, तेव्हा तो ५३ पैकी ५३ मिनिटे खेळला आणि नेट्स ११५-१११ असे हरले. हे दोन आकडे माझ्या मते सर्व काही सांगतात. कागदावर त्या संघाच्या बेंचवर नावांची रेलचेल होती, पण निर्णायक घडीला ड्युरँटच्या जागी एका मिनिटासाठीही कोणाला उतरवण्याची प्रशिक्षकाची तयारी नव्हती.

मिनिटांचा मुद्दा तसा कोणालाही पटतो. त्याहून खोलवरचा मुद्दा असा की उणीव बहुधा एका माणसात नसतेच. ती दोघा-तिघांमधल्या अंतरात असते. बास्केटबॉलमधली सर्वांत नेहमीची चाल घ्या. प्रतिस्पर्ध्याचा गार्ड चेंडू घेऊन येतो आणि त्यांचा सेंटर आपल्या गार्डच्या वाटेत स्क्रीन लावून उभा राहतो. आपला गार्ड स्क्रीनला वळसा घालताना अर्धे पाऊल मागे पडतो. आपला सेंटर ड्रॉप पद्धतीने बचाव करत रिंगकडे मागे सरकतो आणि ड्रिबल करणारा गार्ड व स्क्रीन सोडून आत धावणारा सेंटर, या दोघांनाही एकट्याने थोपवून धरतो. त्याने हे सेकंद-दीड सेकंदच करायचे असते, कारण तेवढ्या वेळात आपला गार्ड मागून येऊन पोहोचणे अपेक्षित असते. तो पोहोचला नाही की सेंटरला पुढे सरावेच लागते आणि त्याच्या पाठीमागची जागा मोकळी पडते. ती झाकायला दूरच्या बाजूचा फॉरवर्ड आत येतो, त्याने सोडलेला नेमबाज कोपऱ्यात एकटा उरतो आणि चेंडू तिकडे जातो. समजा त्याचा तीन गुणांचा शॉट चुकला. तरी रिंगखाली आता आपला सेंटर नाही, तर त्याच्याहून चार इंच बुटका फॉरवर्ड आहे, आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या सेंटरला पाठीने रेटून बाहेर ठेवण्याची केविलवाणी धडपड करतो आहे. रिबाउंड प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो.

सामन्यानंतरच्या तक्त्यात या सगळ्याची नोंद 'बचावातला रिबाउंड गमावला' एवढीच होते. व्यवस्थापनाने तो तक्ता वाचून रिबाउंडपटू आणला तर त्यात त्यांची चूक काय, असे वाटू शकते. पण बिघाड झाला तो रिंगपासून पंचवीस फुटांवर, गार्डच्या त्या अर्ध्या पावलात. तो गार्ड रोज पस्तीस-छत्तीस मिनिटे खेळतो, कारण संघाचे निम्मे हल्ले त्याच्याच हातून सुरू होतात आणि त्याला बसवले तर गुण करायचे कोणी, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक संघांच्या बाबतीत मला हेच दिसते की मुख्य उणीव ही मुख्य बलस्थानाची किंमत असते, आणि ती किंमत संघाने जाणूनबुजून मोजलेली असते. अशा ठिकाणी नवा सेंटर पहिल्या सेंटरइतकाच हतबल ठरतो, कारण त्याच्याही समोर त्याच मोकळ्या वाटेने दोन जण धावत येतात.

नेमबाजांच्या भरतीत हेच उलट्या बाजूने घडते. तीन गुणांचे शॉट पडत नाहीत म्हणून संघ एखादा निष्णात नेमबाज आणतो. त्याला शॉट मिळायचा तर आधी कोणीतरी दोन बचावपटूंना स्वतःकडे ओढून घ्यावे लागते, आणि ते काम करणारा मुख्य खेळाडू नेमका तो मैदानात येतो त्याच वेळी विश्रांतीला जातो. दोघांना एकत्र खेळवावे, तर प्रतिस्पर्धी दुसऱ्या टोकाला त्याला शोधून काढतात. ज्याला तो अडवत असतो त्यालाच स्क्रीन लावायला सांगून स्विच, म्हणजे बचावपटूंची आपसातली अदलाबदल, घडवून आणतात आणि आपल्या सर्वांत वेगवान खेळाडूला त्याच्यासमोर उभे करतात. पेजा स्टोयाकोविच २०११ च्या जानेवारीत डॅलस मॅव्हरिक्सकडे आला. मे महिन्यात प्लेऑफमधल्या लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यात त्याने तीन गुणांचे सहापैकी सहा शॉट बास्केटमध्ये टाकले आणि गतविजेते ४-० असे घरी गेले. त्या दिवशी डर्क नोविट्झकीकडे लेकर्सचा बचाव ओढला जात होता आणि मोकळा झालेला चेंडू पेजाच्या हाती येत होता; बास्केटबॉल म्हणून ते दृश्य फार देखणे होते. अंतिम मालिकेत समोर मायामी हीटचे लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड आले, तेव्हा त्याच पेजाला नाममात्र वेळ मिळाला. त्याची नेमबाजी तीन आठवड्यांत आटली नव्हती. त्याला ज्याच्यासमोर लपवता येईल, असा प्रतिस्पर्धी मैदानात उरला नव्हता, असे मी त्याचे कारण मानतो.

त्याच मालिकेत मॅव्हरिक्स १-२ असे मागे पडले, तेव्हा प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी चौथ्या सामन्यात हंगामभर बेंचवरून येणाऱ्या जे. जे. बारेआला पहिल्या पाचांत खेळवले. संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकून विजेतेपद मिळवले. २०१५ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगटला बाजूला ठेवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला उतरवले, संघ बुटका पण वेगवान केला, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडालाच ठरला. दोन्हीकडे बदल झाला तो पहिल्या पाचांत, आणि ज्यांना पुढे आणले ते दोघेही त्या संघात पुरते रुळलेले होते.

बाजारात मिळते काय, हाही विचार करायला हवा. मार्च महिन्यात मोकळा असलेला खेळाडू मोकळा असतो, कारण दुसऱ्या एका संघाने त्याला पुरते पारखून सोडून दिलेले असते. संघाला हवे असते एक आणि दुकानात असते दुसरे. मग जे आहे तेच आपल्याला हवे होते, असे म्हणायची पाळी येते. २०२१ च्या मार्चअखेरीस लेकर्सने अँड्रे ड्रमंडला घेतले. रिबाउंडमध्ये चार हंगाम लीगमध्ये अव्वल राहिलेला हा सेंटर होता आणि लेब्रॉन जेम्स व अँथनी डेव्हिस दोघेही दुखापतीने बाहेर असताना त्याचे स्वागत होणे स्वाभाविक होते. पण त्या संघाचा बचाव मुळातच लीगमधल्या उत्तम बचावांपैकी होता. अडचण होती ती लांबून शॉट टाकणाऱ्यांची. ड्रमंड रिंगजवळच खेळणारा असल्याने डेव्हिस आणि लेब्रॉन यांना आत शिरायला लागणारी जागा आणखी आकसली. फिनिक्स सन्सविरुद्धच्या पहिल्या फेरीत तो पाच सामने पहिल्या पाचांत खेळला आणि सहाव्या, म्हणजे संघ बाद झाला त्या सामन्यात, त्याला एक मिनिटही मिळाले नाही.

पुढच्या हंगामात त्याच संघाने हा प्रयोग घाऊक प्रमाणात केला. रसेल वेस्टब्रुकसाठी काइल कुझ्मा आणि केंटेव्हिअस काल्डवेल-पोप यांना देऊन टाकले, अ‍ॅलेक्स करूसो शिकागोला गेला आणि रिकाम्या जागा कार्मेलो अँथनी, ड्वाइट हॉवर्ड, राजॉन राँडो, ट्रेव्हर अरिझा, डीआंद्रे जॉर्डन अशा किमान मानधनावरच्या बुजुर्गांनी भरल्या. दहा वर्षांपूर्वी ही यादी वाचून प्रतिस्पर्ध्यांची झोप उडाली असती. त्या हंगामात लेकर्सने ३३ सामने जिंकले, ४९ गमावले आणि प्लेऑफचे दार त्यांना बाहेरूनच दिसले.

सरावाचा मुद्दा लहान आहे, पण दुर्लक्षिला जातो. ८२ सामने साधारण सहा महिन्यांत खेळायचे असतात, म्हणजे आठवड्याला तीन-चार सामने आणि मध्ये प्रवास. मार्चमध्ये आलेल्या माणसाला पूर्ण सराव क्वचितच मिळतो. बचावातल्या हाका, कोणत्या स्क्रीनवर स्विच करायचे आणि कोणत्या नाही, मदतीला कोण येणार, हे त्याला चालत्या सामन्यातच शिकावे लागते, आणि तेही जो पाच जणांचा गट आठवड्यागणिक बदलतो अशा गटासोबत.

अपवाद आहेत, आणि तेही बोलके आहेत. २०१२ च्या आखूड झालेल्या हंगामात शार्लट बॉबकॅट्सने ६६ पैकी केवळ ७ सामने जिंकले आणि त्या संघानेही बोरिस डिऑला सोडून दिले. सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला मार्चमध्ये घेतले. चेंडू अडकवून न ठेवता पुढे देणारा खेळाडू हा स्पर्सच्या खेळाचा कणाच होता आणि टोनी पार्करशी फ्रान्सच्या संघातली त्याची जुनी ओळख होती. तरी त्याच्या येण्याचे मोठे फळ दिसले ते दोन वर्षांनी, २०१४ च्या अंतिम मालिकेत, तिसऱ्या सामन्यापासून त्याला टिआगो स्प्लिटरऐवजी पहिल्या पाचांत उतरवले तेव्हा. त्या सामन्याच्या पूर्वार्धात स्पर्सने ७५.८ टक्के शॉट अचूक टाकले. डॅनी ग्रीनचेही तसेच. स्पर्सने त्याला आधी घेऊन सोडले, पुन्हा घेतले, घडवले, आणि २०१३ च्या अंतिम मालिकेत तीन गुणांचे २७ शॉट टाकून त्याने तेव्हाचा विक्रम केला. तोवर तो बेंचवरचा राहिलाच नव्हता.

मग संघ ही भरती पुन्हा पुन्हा का करतात? एक तर ती स्वस्त आणि झटपट असते, आणि काहीतरी केले असे मालकांना व चाहत्यांना दाखवता येते. मुख्य गार्डचे अर्धे पाऊल दुरुस्त करायचे तर त्याच्याशी अवघड बोलणे करावे लागते किंवा त्याला विकावे लागते, आणि फेब्रुवारीत दोन्हींची हिंमत नसते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारानंतर पगाराची ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या संघांना मोठ्या पगारावरून मोकळे झालेले खेळाडू घेता येत नाहीत. बलाढ्य संघांना ही बंदी जाचक वाटते. माझ्या मते त्यांचे फारसे काही बिघडलेले नाही.

अशा भरतीचा उपयोग होतो, पण तो वेगळ्या कामासाठी. लागोपाठच्या दोन रात्रींचे सामने निभावणे, मुख्य सेंटर फाउलमध्ये अडकला की सहा मिनिटे तग धरणे, एखाद्या दुखापतीत चौकट मोडू न देणे, हे तिचे खरे काम. बॉस्टन सेल्टिक्सने २००८ च्या फेब्रुवारीत ३८ वर्षांच्या पी. जे. ब्राउनला घेतले, तेव्हा त्याने काही सुधारावे अशी अपेक्षाच नव्हती, कारण केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि रे अ‍ॅलन यांच्या त्या संघाने ८२ पैकी ६६ सामने जिंकले. प्लेऑफमधल्या क्लीव्हलंडविरुद्धच्या सातव्या सामन्यात पिअर्सने ४१ गुण केले, समोर लेब्रॉनने ४५ केले, आणि शेवटच्या दोन मिनिटांत ब्राउनने एक मधल्या अंतराचा शॉट बास्केटमध्ये टाकला. सेल्टिक्स ९७-९२ असे जिंकले.