सरासरी आधी की गणित आधी? पाणलोटाच्या मॉडेलमधला पिक्सेलचा घोळ

२,००० हेक्टरचं पाणलोट घ्या. वळवाच्या पावसात पश्चिमेकडच्या अर्ध्या भागावर १२० मिमी कोसळला, पूर्वेकडे टिपूसही नाही. पाण्याचा हिशेब करणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये अख्ख्या पाणलोटाला पावसाचा एकच आकडा द्यायचा, म्हणून सरासरी ६० मिमी भरली. कर्व्ह नंबर (जमीन किती पाणी वाहू देते ते सांगणारा आकडा; जास्त म्हणजे जास्त वाहणार) सगळीकडे ८०. मग साठवण क्षमता २५,४०० भागिले ८० वजा २५४, म्हणजे ६३.५ मिमी, सुरुवातीची घट तिच्या २० टक्के, १२.७ मिमी. ६० मिमी पावसावर कर्व्ह नंबरच्या सूत्राने अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, निघतो २०.२ मिमी.

आता हेच दोन तुकड्यांत करा. १२० मिमीवर अपधाव ६७.४ मिमी, पण तो अर्ध्याच क्षेत्रावरून, म्हणजे एकूण पाणलोटावर ३३.७ मिमी. पाऊस तेवढाच, माती तीच, तरी सरासरी आधी काढल्यामुळे ४० टक्के पाणी कागदावरच जिरलं. तो फरक साधारण २.७ लाख घनमीटर. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरून, २,१९६ घनमीटर पाणी मावतं; म्हणजे १२० शेततळी भरतील एवढा हा हिशेबाचा घोटाळा.

याचं कारण समीकरणाच्या वळणात आहे. पाऊस दुप्पट झाला की अपधाव दुपटीहून जास्त वाढतो. अशा नात्यात आधी सरासरी घेऊन मग गणित केलं तर उत्तर कमीच येणार. कर्व्ह नंबरचंही तसंच. अर्धं क्षेत्र ६० चं आणि अर्धं ९५ चं असेल तर ५० मिमी पावसावर वेगवेगळं काढून सरासरी १९ मिमी येते, ७७.५ हा एकच आकडा घातला तर जेमतेम ११. स्वॅट या पाणलोटाच्या मॉडेलमध्ये जमीन, माती आणि उताराला १० टक्क्यांची चाळणी लावायची, म्हणजे त्याहून कमी क्षेत्राचे प्रकार गाळायची, सवय अनेकांना आहे. त्या चाळणीत ४ टक्क्यांचं गावठाण गळतं आणि त्याचं क्षेत्र उरलेल्या शेतीसारख्या प्रकारांना वाटलं जातं. मोठ्या खोऱ्यात ते खपतं. गावच्या नाल्यावर बंधारा बसवायचा असेल तर नाही खपत.

भारतीय हवामान विभागाचा चौकोनांत मांडलेला पाऊस ०.२५ अंशांच्या चौकोनांचा आहे, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २७ किलोमीटरची बाजू. महाबळेश्वर ते वाई हवाई अंतर याहून कमी. वर वर्षाला पाच हजार मिमीच्या पुढे, खाली हजाराच्याही आत. कृष्णेच्या उगमाकडच्या पाणलोटाला हा पाऊस थेट लावला तर घाटमाथा कोरडा पडतो आणि पर्जन्यछायेला फुकटचं पाणी मिळतं. इथे जवळची मंडळनिहाय पर्जन्यमापकं घ्यावीत आणि उंचीनुसार दुरुस्ती करावी. तो चौकोन बारीक कापून १ किलोमीटरचा केला म्हणजे माहिती वाढत नाही, फक्त नकाशा देखणा होतो.

वेळेचा घोळ याहून वाईट. ४०० हेक्टर पाणलोटाचा ओढा, लांबी २ किलोमीटर, उतार २ टक्के. लांबी-उतारावरून वेळ काढणाऱ्या किर्पिचच्या सूत्राने पाणी गोळा व्हायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात ४० मिमी पडला, म्हणजे तीव्रता ताशी ८० मिमी. अपधाव गुणांक (पावसाचा वाहून जाणारा वाटा) ०.४ धरला तर शिखर विसर्ग, म्हणजे पुराचा सर्वांत मोठा प्रवाह, सेकंदाला सुमारे ३६ घनमीटर. तोच ४० मिमी रोजच्या आकड्यातून २४ तासांत पसरला की विसर्ग पाऊण घनमीटरही होत नाही. ताशी १.७ मिमी तर बहुतेक जमिनी सहज पितात, त्यामुळे झिरपेचं समीकरण वापरलं तर अपधाव शून्यही दिसेल. दैनिक पावसावर हंगामाचा पाणी ताळेबंद मांडा, सांडवा काढू नका. आपला पावसावरून पाणी काढायचा स्ट्रेंजचा तक्ताही येव्यासाठी, म्हणजे किती पाणी येईल त्यासाठी आहे, पुरासाठी नव्हे.

आता डीईएम, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला (नकाशाच्या एका चौकोनाला) जमिनीची उंची देणारा नकाशा. एसआरटीएम या उपग्रही डीईएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये साठवलेली असते. अर्धा टक्का उताराच्या सपाट रानात ३० मीटरच्या पिक्सेलमागे उतार फक्त १५ सेंटीमीटर, म्हणजे सहा-सात पिक्सेल एकाच उंचीचे. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढे काढले की तिथे शेजारी शेजारी सरळ समांतर रेघा उमटतात. त्या दिसल्या की समजावं, हे पाणी नाही, गणित वाहतंय. ९० मीटरवर गेलात तर उतार आणखी मवाळ होतात, लहान घळी नाहीशा होतात, ओढ्याची वळणं कापली जाऊन लांबी घटते.

इथे एक चूक हमखास होते. ओढा सुरू होण्याची मर्यादा (वरचं किती क्षेत्र जमलं की ओढा मानायचा) १,००० पिक्सेल ठेवून डीईएम बदलायचा. ३० मीटरवर १,००० पिक्सेल म्हणजे ९० हेक्टर. ९० मीटरवर ८१० हेक्टर. एखादं अख्खं सूक्ष्म पाणलोट त्यात ओढ्याविना राहतं. मर्यादा नेहमी हेक्टरमध्ये ठरवा, मग पिक्सेलमध्ये बदला.

म्हणून ड्रोनचा १ मीटरचा डीईएम घ्यावा का? तिथे वेगळी डोकेदुखी. रस्त्याचा भराव धरणासारखा उभा राहतो, कारण खालची मोरी वरून दिसत नाही. सॉफ्टवेअरला नकाशातले खोलगट खड्डे भरण्याची आज्ञा दिली की भरावामागे खोटा तलाव तयार होतो, आणि खरा पाझर तलाव असेल तर तोही बुजतो. आधी प्रत्येक मोरी फिरून नोंदवा, तिथे डीईएममध्ये पाण्याची वाट कोरून घ्या, मगच खड्डे भरा. शिवाय हेक-राससारख्या पुराच्या द्विमितीय मॉडेलमध्ये चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. तासाभराचं काम आठ तासांवर जातं. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि चौकोन १० मीटरचा असेल तर ५ सेकंदांपेक्षा मोठं पाऊल घेऊ नका, नाहीतर पाण्याची पातळी वेड्यासारखी उड्या मारते.

चौकोन बदलला की जुनं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्यक्ष नोंदींशी जुळवून ठरवलेले मॉडेलचे आकडे, फेकून द्यायचं. ९० मीटरवर जुळवलेला खरखरीतपणा (प्रवाहाला होणारा अडथळा) आणि झिरप यांनी बुजलेल्या घळींचीही भरपाई केलेली असते. तेच आकडे ३० मीटरवर नेले तर ती भरपाई दुसऱ्यांदा होते. आणि मोठ्या नदीच्या मापनकेंद्रावर आलेख छान जुळला म्हणून वरचा ओढा बरोबर आला असं होत नाही, दोन उपपाणलोटांच्या चुका एकमेकींना झाकतात.

ओढ्यावर मापनकेंद्र नसतंच. पण सिमेंट बंधाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर पुराची गाळरेषा सापडते. माथ्यावरून ६० सेंटीमीटर पाणी गेलं असेल आणि माथा १५ मीटर लांब असेल, तर १.७ गुणिले लांबी गुणिले उंचीचा दीड घात, म्हणजे सुमारे १२ घनमीटर प्रति सेकंद. ही रेषा माथ्यावर मोजू नका, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. दोन-तीन मीटर वरच्या बाजूला मोजा. आणि बंधाऱ्याच्या खालच्या बाजूचं पाणी माथ्याच्या वर चढलं होतं असं गावकरी सांगत असतील, तर हे सूत्र तिथे लावू नका, विसर्ग फुगून येतो.