उंदीर, वाडा आणि माझी भाजणी

जुन्या वाड्यात राहणाऱ्या माणसाकडे उंदरांसाठी हजार रुपये असतील, तर त्यातले आठशे त्याने भोकं बुजवण्यावर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या दोनशेत सापळे येतात. औषधाला पैसे उरत नाहीत, आणि ते बरंच आहे.

मी कसबा पेठेत राहते. पहिला मजला, दोन खोल्या, वर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), भिंती विटा-मातीच्या, खाली शहाबादी फरशी. घरून भाजणी, मेतकूट, डांगर करून विकते, उन्हाळ्यात कुरडया आणि सांडगे. म्हणजे घरात धान्य बारमाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी हे वाचत असेल तर शेवटपर्यंत वाचावं, मधेच फोन करू नये.

एखाददुसरा उंदीर आमच्याकडे पूर्वीही असायचा, त्याचं कोणी मनावर घेत नव्हतं. मग शेजारचा वाडा पाडला. आत राहणारी माणसं आधीच नऱ्हे-धायरीच्या फ्लॅटमध्ये गेली होती. उंदीर मात्र पेठ सोडायला तयार नव्हते. जेसीबी लागल्यावर त्यांनी मधली भिंत ओलांडली आणि आमच्याकडे मुक्कामाला आले. जुना वाडा पाडताना धूळ उडू नये म्हणून हिरवं कापड लावतात, पण भिंतींतून आणि जमिनीखालून निघणाऱ्या उंदरांचं काय करायचं हा विचार कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. पेठांमध्ये सध्या दर दोन-चार घरांआड हेच चाललंय, त्यामुळे आज नाही तर उद्या तुमचाही नंबर आहे.

पहिली गंमत अशी की वाड्यात कोणाकडेच उंदीर नव्हते. समोरच्या काकूंना विचारलं, "काकू, तुमच्याकडे काही खुडबुड होते का रात्री?"

"छे गं! आमच्याकडे कसले उंदीर? आम्ही रात्री उष्टं ठेवतच नाही."

म्हणजे आम्ही ठेवतो. खालचे काका म्हणाले की त्यांच्याकडे कधीच नव्हते, वरून आवाज मात्र येतो. मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडाने तर "आमच्याकडे मांजर येतं" असं सांगून दारच लावून घेतलं. पुण्यात माणूस पगार सांगेल, पण घरात उंदीर आहेत हे सांगणार नाही.

यावर तोडगा सासूबाईंनी काढला. त्यांच्या माहेरी धान्याच्या खोलीत असंच करायचे म्हणे. रात्री सगळे झोपायच्या आधी त्यांनी रांगोळीचा डबा काढला आणि चाळणीने ओट्याखाली, फडताळापुढे, भिंतीला लागून हातभर रुंदीचा पातळ थर दिला. इतका पातळ की खालची फरशी दिसावी. मग मला कंदिलासारखी टॉर्च धरायला लावून जिन्यात, काकूंच्या दारापासून खाली काकांच्या दारापर्यंत तेच केलं. सकाळी दूधवाला यायच्या आत उठून बघितलं. भिंतीच्या अगदी कडेने, वितभरही बाहेर न येता, इवल्याशा पावलांची रांग गेलेली. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, तीसुद्धा मोजता येत होती. ओट्याखालच्या कोपऱ्यात एका जागी रांग भिंतीतच शिरली होती, आणि तिथे मला इतक्या वर्षांत भोक आहे हे माहीतच नव्हतं. जिन्यातली रांग काकूंच्या उंबऱ्याखाली गेली होती आणि परत आली होती. काकूंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्याकडून तुमच्याकडे गेलाय की तुमच्याकडून आमच्याकडे, ते कसं कळणार?" पण संध्याकाळी त्यांनी स्वतःच रांगोळी मागून नेली.

या पावलांवरून दुसरीही गोष्ट कळली, की आमचे पाहुणे छोटे घरउंदीर आहेत. लोक त्यांना पिल्लं समजतात. ती पिल्लं नसतात, पूर्ण वाढलेला उंदीरच अंगठ्याएवढा असतो. मोठा उंदीर वेगळा आणि घूस त्याहून वेगळी. छोट्या उंदराची लेंडी जिऱ्याएवढी. माझ्या घरात जिरं इकडेतिकडे सांडलेलं असतंच, त्यामुळे ओळखायला चष्मा लागतो. मोठ्याची लेंडी सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब. हा फरक कामाचा आहे, कारण मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, ठेवलेल्या सापळ्याकडे कित्येक दिवस फिरकत नाही. छोटा मात्र चौकस. नवीन काही दिसलं की त्याच रात्री हुंगायला येतो. आणि मोरीतून चीं चीं करत, उग्र वास सोडत येते ती चिचुंद्री. ती उंदीर नाहीच. ती झुरळं-किडे खाते, धान्य आणि कपडे कुरतडत बसत नाही. आमच्या मोरीतल्या चिचुंद्रीला मी काही करत नाही. झुरळांच्या औषधाचे पैसे वाचतात.

आता भोकं. छोटा उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून जातो. मी पेन्सिलचा एक तुकडा पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरले. जिथे पेन्सिल आत जाते तिथून उंदीर जातो, एवढा साधा हिशोब. वाड्यात पेन्सिल कुठे जात नाही ते विचारा! फडताळाच्या मागच्या फळीशी, नळाचा पाइप भिंतीतून येतो तिथे, विजेच्या जुन्या लाकडी पट्टीमागे, कडीपाट भिंतीला टेकतो त्या सगळ्या सांध्यात, आणि दाराखाली. दारं सागवानी आहेत, पण उंबरा इतक्या पिढ्यांच्या पायांनी झिजलाय की मधोमध बोट जातं.

सिमेंट आणून लिंपून टाकू म्हणत होतो. शेजारच्या साइटवरचा गवंडी (हो, त्याच साइटवरचा, बिचाऱ्याचा काय दोष) चहाला वर आला, त्याने भिंतीवर टिचकी मारून सांगितलं, "वहिनी, मातीच्या भिंतीला नुसतं सिमेंट धरत नाही. पोपडा सुटतो, आणि मागे मोकळी जागा राहते ती आयती त्यांना." त्याच्या सांगण्याप्रमाणे आधी भोकातली भुसभुशीत माती खरवडून काढली, पाणी मारलं, तारेची घासणी मोकळी करून आत ठासली, तिच्याभोवती विटेचे बारके तुकडे बसवले आणि वरून चुना-वाळूचा गिलावा. घासणी महत्त्वाची. माती, लाकूड, प्लास्टिक, थर्माकोल सगळं उंदीर कुरतडतो, त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात आणि झिजवणं त्याला भागच असतं. पण तारेच्या गुंत्यात तोंड घालायला तो तयार नसतो. रविवार पेठेत बोहरी आळीत डझनाने घेतल्या की घासण्या स्वस्त पडतात. तिथेच पाव इंची लोखंडी जाळी फुटावर कापून मिळते, ती मोरीच्या तोंडाला आणि खिडकीच्या तुटक्या झरोक्याला ठोकली. मच्छरांची प्लास्टिकची जाळी या कामाला निरुपयोगी. दाराला खालून पत्र्याची पट्टी मारली. कडीपाटाचे सांधे मात्र सगळे बुजवणं आमच्या ऐपतीबाहेरचं आहे, तिथे फक्त स्वयंपाकघराच्या बाजूचे केले.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये: गॅसची नळी. शेगडीमागे साधी रबरी नळी असेल आणि घरात उंदीर असतील तर आजच बदला. आतून पोलादी तारेचं विणकाम असलेली केशरी सुरक्षा नळी गॅस एजन्सीत मिळते. तिच्यावर वापराची मुदत छापलेली असते, तीही बघावी. आमच्या जुन्या नळीवर दातांच्या बारीक खुणा होत्या. त्या बघितल्यावर नवऱ्याने, जो एरवी दहा रुपयांच्या घासणीवरही वाद घालतो, न बोलता पाकीट काढलं.

मालकांचं काय, असं कोणीतरी विचारेलच. कायद्याने घर राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम. त्यांनी केलं नाही तर लेखी नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. पण आमचं भाडं इतकं जुनं आहे की त्या मर्यादेत चुन्याची एखादी गोणी बसेल. शिवाय मालकांचा जीव वाड्यात नाही, वाड्याखालच्या जागेत आहे. त्यांच्या मागे लागण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात माझी चार किलो भाजणी भाजून होते.

धान्यासाठी मी पंधरा किलोचे तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले. फरसाणवाल्यांकडे ते पडलेले असतात, थोडक्यात देतात. सोडा घालून उकळत्या पाण्याने धुवायचे, कडक उन्हात दिवसभर पालथे ठेवायचे आणि पत्रेवाल्याकडून घट्ट झाकण करून घ्यायचं. प्लास्टिकचे डबे दिसायला छान, पण झाकणाच्या कडेला एकदा दात लागला की संपलं. पोती जमिनीवर ठेवायची नाहीत आणि भिंतीला टेकवायची नाहीत. मधे हातभर मोकळी जागा राहिली की झाडूही फिरतो आणि उंदरालाही आडोसा मिळत नाही.

भोकं बुजवल्यावर जे आत अडकले त्यांच्यासाठी सापळे. चापाचे छोटे लाकडी सापळे एकदम अर्धा डझन लावले. एकच सापळा महिनाभर लावून ठेवण्यापेक्षा सहा सापळे एकाच रात्री लावलेले बरे, कारण घरउंदीर तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार. त्यांच्याशी संथ गतीने भांडून चालत नाही. सापळा भिंतीला काटकोनात ठेवायचा, आमिषाचं टोक भिंतीकडे. आमिष म्हणून भजी वगैरे कशाला. दाण्याचं कूट गुळात कालवून बोटाने चोपडायचं, म्हणजे उचलून पळता येत नाही.

सासूबाईंना चाप मान्य नव्हता. गणपतीचं वाहन, त्यात घरात गौरी बसतात. म्हणून त्यांच्या खोलीत पिंजरा. पिंजऱ्यातला उंदीर सोडायची जबाबदारी नवऱ्याची. तो सकाळी पिंजरा वर्तमानपत्रात गुंडाळून, स्कूटरच्या पायाशी ठेवून नदीपलीकडे जाऊन यायचा. मुठा ओलांडली की उंदीर परत येत नाही असं पेठेतल्या प्रत्येकाला वाटतं. शिवाजीनगरच्या लोकांना काय वाटतं ते विचारायला हवं. माझं मत विचाराल तर अनोळखी जागी सोडलेला घरउंदीर एक तर मरतो, नाही तर दुसऱ्याच्या फडताळात जातो. पण घरात शांतता राहते, ही पिंजऱ्याची किंमत.

चिकट पुठ्ठे स्वस्त असतात, मी आणत नाही. जिवंत जनावर रात्रभर तडफडत ओरडतं आणि सकाळी ते आपल्यालाच निस्तरावं लागतं. विजेच्या बोर्डात लावायच्या आवाजाच्या यंत्राने पहिले दोन दिवस सामसूम होते, मग उंदीर त्याच्याच शेजारून जातात. काकूंकडे आहे, त्याचा निळा दिवा छान दिसतो.

विषाबद्दल मात्र जरा रागाने लिहिते. ट्यूबमधून येणारी ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट माणसाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होतं आणि तिच्यावर उतारा नाही. घरात लहान मूल असो वा नसो, अशी वस्तू स्वयंपाकघरात आणूच नये. वड्यांचं औषध खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तो कडीपाटात किंवा भिंतीत मेला तर वाड्यात नाक धरून राहावं लागतं. त्याला खाणारं मांजर किंवा घुबडही त्या विषाने मरू शकतं.

पुण्याला मेलेल्या उंदराचं भय जुनं आहे. 1897 च्या प्लेगात याच पेठांमध्ये घराघरांची झडती झाली, लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्यांत गेले, आणि त्या झडत्यांच्या रागातून 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याला गाठलं. तेव्हा "उंदीर पडले" एवढं कानावर आलं तरी माणसं बोचकी बांधायची. पिसवा मेल्या उंदराचं अंग सोडून माणसाकडे येतात हे पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, एका शास्त्रज्ञाला उमगलं. सासूबाईंच्या आजेसासूबाईंकडून आलेला नियम आमच्या घरात अजून चालतो: मेल्या उंदराला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचा, दोन पिशव्यांत बांधायचा, जागेवर जंतुनाशक औषधाचं पाणी टाकायचं. लेंड्यासुद्धा मी कोरड्या झाडत नाही; ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आधी भिजवते, मग कागदाने टिपते. पावसाळ्यात चौकात पाणी साचतं तेव्हा अनवाणी उतरायचं नाही, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो.

सध्या घरात रांगोळी कोरी राहते. जिन्यात अजून अधूनमधून पावलं उमटतात, ती चौकातल्या गटाराच्या फुटक्या झाकणातून येणाऱ्यांची. ते झाकण बदलायला सगळ्या बिऱ्हाडांनी शंभर-शंभर काढायचं ठरलंय. काकूंनी लगेच दिले, मागच्या बिऱ्हाडाने मांजराचा विषय काढत का होईना दिले. खालचे काका म्हणतात, उंदीर वर जातात, मी कशाला देऊ? त्यांच्या दारापुढे आज रात्री रांगोळीचा जरा जाड थर देणार आहे.