रुंद खिडकीचे घर: ट्रेडिगरमधील एका शोधाचा माझा अनुभव

ब्रिटनच्या साउथ वेल्समधील ट्रेडिगर या खाणकामगारांच्या गावात आम्ही घर घेतले, तेव्हा त्याची दर्शनी खिडकी ओळीतील इतर घरांच्या खिडक्यांपेक्षा जवळजवळ दीडपट रुंद आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पहिल्या हिवाळ्यात तिच्यातून थंडी येऊ लागली तेव्हा ते आले. ती अर्धी विटांनी बुजवून टाकावी असे आमचे जवळजवळ ठरले होते, तोच शेजारी राहणाऱ्या ऐंशीच्या घरातील गृहस्थांनी, आपल्या जन्माआधी तिथे बेकरी होती असे ऐकल्याचे सांगितले. बेकरी म्हणजे भट्टी हवी, आणि भट्टीची खूण तर घरात कुठेच नव्हती. ही विसंगती मला स्वस्थ बसू देईना.

आपल्याकडे अशा वेळी माणूस सातबारा काढतो, फेरफार पाहतो आणि दोन-तीन पिढ्या मागे जातो. इथल्या जमीन नोंदणीच्या उताऱ्यावर मात्र आजचा मालक, घराची हद्द आणि एका जुन्या 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याचा उल्लेख, एवढेच होते. भाडेपट्ट्याचे कारण गावाच्या जन्मातच आहे. 1800 साली सॅम्युएल हॉम्फ्रे यांनी मॉर्गन घराण्याची जमीन पट्ट्याने घेऊन इथे लोखंडाचा कारखाना काढला आणि त्याच्याभोवती गाव वसले. जमीन सरदाराची आणि वर बांधलेले घर दुसऱ्याचे, ही व्यवस्था या खोऱ्यांमध्ये कित्येक पिढ्या चालली.

मग मी जनगणनेकडे वळले, आणि पहिले दोन आठवडे वाया घालवले. एक तर ट्रेडिगर हे गाव त्या काळी बेडवेल्टी पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक विभागात, मोडत असे, त्यामुळे गावाच्या नावाने शोधून अर्धीच पाने सापडत होती. दुसरे म्हणजे शेजाऱ्यांनी सांगितलेले आडनाव डेव्हिस होते, आणि साउथ वेल्समध्ये डेव्हिस शोधणे म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधण्यासारखे आहे. मी ज्या डेव्हिस कुटुंबाच्या मागे लागले होते, ते आमच्या घरात कधी राहिलेच नव्हते, कारण मधल्या काळात रस्त्यावरील घरांचे क्रमांक बदलले होते. शेवटी माणसाचा नाद सोडून मी जागा धरली. मोठ्या प्रमाणावरच्या जुन्या ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनचे सरकारी नकाशा खाते) नकाशावर कोपऱ्यावरचे चॅपेल शोधले, तिथून घरे मोजली आणि गणना करणारा माणूस ज्या क्रमाने दारोदार फिरला, त्याच क्रमाने यादी वाचत गेले. नकाशे मी शेजारच्या खोऱ्यात, एबू व्हेलच्या ग्वेंट आर्काइव्हज या अभिलेखागारात पाहिले. बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या मुख्य कचेरीच्या इमारतीतच ते आहे, त्यामुळे नकाशा मागवून वाट पाहताना माझा बराच वेळ जिने आणि कठडे न्याहाळण्यात गेला.

1911 च्या जनगणनेचे वैशिष्ट्य असे की, कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला कागदच जतन झालेला आहे. आमच्या घराचा कागद एका 43 वर्षांच्या विधवेने भरला होता. व्यवसायाच्या रकान्यात 'किराणा दुकानदार', त्यापुढे 'स्वतःचा व्यवसाय' आणि त्याही पुढच्या रकान्यात 'घरीच' असे तिने लिहिले होते. म्हणजे बेकरी नव्हतीच. पुढच्या खोलीत किराणा होता, आणि रुंद खिडकी माल मांडण्यासाठी होती. थोरला मुलगा खाणीत हेवर, म्हणजे प्रत्यक्ष थरातून कोळसा फोडणारा, आणि त्याच्या पाठचा हॉलियर, म्हणजे कोळशाच्या गाड्या ओढणारा घोडा हाकणारा. भाषेच्या रकान्यात आईपुढे 'दोन्ही' आणि सर्व मुलांपुढे 'इंग्रजी' असे होते. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे त्या रकान्यावर माझी नजर बराच वेळ खिळली.

किती मुले जन्मली, किती हयात आहेत आणि किती मरण पावली, हा प्रश्न त्या कागदावर फक्त विवाहित स्त्रियांसाठी होता, विधवांसाठी नव्हता. तरीही तिने आकडे भरले होते: नऊ, सहा, तीन. गणना करणाऱ्याने नियमाप्रमाणे त्यांवर लाल शाईची रेघ मारली होती, परंतु रेघेखालचे तिन्ही आकडे स्वच्छ वाचता येतात.

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 1919 पर्यंतची वृत्तपत्रे इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. त्यांत आमच्या दुकानाची एकही ओळ नाही, पण रस्त्याचे नाव शोधताना 19 ऑगस्ट 1911 च्या रात्रीच्या बातम्या समोर आल्या. त्या रात्री ट्रेडिगरमध्ये जमावाने ज्यू दुकानदारांची दुकाने फोडली आणि लुटली, आणि ते लोण पुढे आसपासच्या गावांत पसरले. कामगारांच्या पगारातून वर्गणी घेऊन औषधोपचार पुरवणारी मेडिकल एड सोसायटी 1890 पासून याच गावात होती आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा उभारणारे अनायरिन बेव्हन याच गावात जन्मले, हे इथे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. त्या रात्रीविषयी मला तोवर कोणी बोलले नव्हते.

1921 च्या जनगणनेत नोकरी देणाऱ्या मालकाचे आणि कामाच्या ठिकाणाचेही नाव लिहिलेले असते. त्यात धाकटा मुलगा टी ट्रिस्ट खाणीत असल्याचे दिसते. बेव्हन तेरा वर्षांचे असताना ज्या खाणीत उतरले, तीच ही खाण. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ 'दुःखी घर' असा होतो. 1931 ची जनगणना आगीत जळाली, म्हणून पुढचा टप्पा 29 सप्टेंबर 1939 च्या, युद्ध सुरू होताच केलेल्या राष्ट्रीय नोंदणीच्या नोंदवहीचा. त्यात दुकान नाही. 1926 मध्ये मालकांनी कामगारांना बाहेर ठेवून खाणी बंद केल्या, त्या खाणबंदीत सात महिने मजुरीविना बसलेल्या गिऱ्हाइकांच्या उधारीत ते बुडाले असावे, असा माझा अंदाज आहे. त्याला कागदाचा आधार नाही.

ही नोंदवही पुढे अनेक वर्षे आरोग्य सेवेच्या कामासाठी वापरात राहिली, त्यामुळे लग्नानंतर बदललेली आडनावे तिच्यात वेगळ्या शाईने लिहिलेली सापडतात. धाकट्या मुलीच्या नावावर असे नवे आडनाव होते. मी ते शेजाऱ्यांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, की ही बाई नंतर वरच्या रस्त्यावर राहत असे आणि घरी पाव भाजून विकत असे. बेकरीची गोष्ट तिथली असावी.

गवंड्याला विटा आणू नका असे कळवले आहे. खिडकी आहे तेवढीच रुंद राहील, काच मात्र दुहेरी बसेल.