पिठाची विरी

रविवारी ज्वारीची भाकरी थापायला घेतली आणि परातीतच तिच्या कडा फाटायला लागल्या. आधी एक चीर, मग दुसरी. उचलायला गेले तर अर्धी हातात, अर्धी परातीत. आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलत होती. तिने पिठाला हात लावला नाही, वासही घेतला नाही. "इरी गेलीया पिठाची," म्हणाली, "कवाचं हाय?" पन्नास वर्षं लालबागेत काढूनही माझी चूक दिसली की आई तेवढ्यापुरती साताऱ्याला जाऊन येते.

पीठ महिन्याभरापूर्वीचं होतं. काय करणार? गिरणीवाला किलोभर ज्वारी दळायला नाक मुरडतो. आधी गव्हाचे डबे, मग ज्वारीवर ज्वारी, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाची बाजरी आपल्या डब्यात उतरते. एवढं ताटकळायचंच तर चार किलो दळून आणलेली काय वाईट, असा माझा हिशोब. तो गिरणीत बरोबर असतो, परातीत चुकतो.

ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही. कणीक मळली की तिच्यातल्या ग्लुटेनची जाळी बनते आणि चपाती ताणली तरी तुटत नाही. भाकरीची सगळी भिस्त पिठाने पाणी किती धरलं यावर, आणि जुनं पीठ ते नीट धरत नाही. या धरून ठेवण्यालाच विरी म्हणतात. इतका नेमका शब्द पाकिटावर कुठे छापलेला मी पाहिला नाही. आईने मग उकळतं पाणी ओतून पीठ झाकून ठेवायला लावलं. उकडीने पिठाला थोडा चिकटा आला, भाकऱ्या झाल्या. चवीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणजे काय ते समजलं.

बाजरीची तऱ्हा आणखी वेगळी. ती तुटते कमी, कडू जास्त होते. दाणा अख्खा असतो तोवर त्यातलं तेल अंकुरात बंद असतं. दळलं की ते पिठभर पसरतं, त्याला हवा लागते आणि दाण्यातलेच एन्झाइम त्याचे तुकडे पाडायला लागतात. गव्हात हे तेल दोन टक्क्यांच्या आसपास, बाजरीत पाचेक टक्के. म्हणून कणीक महिनाभर निभावून नेते, बाजरी आठ-दहा दिवसांत खवट होते. त्यात मुंबईचा जुलै! हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर, मिठाला पाणी सुटतं, पापड आपोआप मऊ पडतात. पीठ तरी कोरडं कुठून राहणार? ते आधीच दमट झालेलं असतं, म्हणून पावसाळ्यात नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलं की कणीक सैल होते.

यावर उपाय म्हणून मी एकदा बाजरीचं पीठ फ्रिजमध्ये ठेवलं. उपाय चांगलाच, थंडीत तेल लवकर बिघडत नाही. फक्त पिठाला आजूबाजूचा वास ओढून घ्यायची खोड असते, डब्याचं झाकण सैल होतं आणि शेजारी सुका जवळा होता. नवरा मालवणकडचा. पहिल्याच घासाला खूश होऊन म्हणाला, "आज जवळा केलायस?" केली होती मेथीची भाजी.

तमालपत्राने किडे पळतात, हेही मी करून पाहिलंय. आमच्याकडचे पानावरच बसलेले सापडले. माझा भरवसा साध्या गोष्टींवर: गिरणीतून आलेलं गरम पीठ परातीत निवू द्यायचं, नाहीतर झाकणाला आतून घाम येतो आणि वरच्या थराच्या गुठळ्या होतात. आणि जुन्या पिठावर नवं कधी ओतायचं नाही. तळातलं मूठभर जुनं पीठ म्हणजे किड्यांचं बाळंतघर.

हे सगळं घोकून झाल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव घेताना मालकांना मी शहाणपणाने विचारलं, "मैदा ताजा असतो ना?" ते हसले. म्हणाले, "अहो वहिनी, अगदी ताजा मैदा नको असतो. मुरावा लागतो." मला ती थाप वाटली. पण खरं आहे. मैद्यातून कोंडा आणि अंकुर आधीच काढलेला, त्यामुळे खवट व्हायला त्यात तेल फारसं उरत नाही. उलट काही आठवडे हवा लागली की ग्लुटेन बळकट होतं, पाव नीट फुगतो, पिवळसर झाकही उतरते. पोत्यात पडून राहायला वेळ नसला की हेच काम रसायनाने उरकायचं. त्यासाठी वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट 2016 साली आपल्याकडे बंद झालं. एकाच गव्हाची दोन पिठं, एक लोणच्यासारखं मुरतं, दुसरं आमटीसारखं विटतं! आईला सांगितलं तर म्हणाली, "ज्याच्यातला जीव काढला, ते कशाने नासणार?"

आता मी किलो-किलोच दळून आणते, गिरणीवाल्याचं नाक कितीही मुरडो. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. काल आईने चष्मा लावून बाजरीच्या डब्यावरची चिठ्ठी वाचली, 'दळलं: मंगळवार'. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "कंचा मंगळवार?"